नजर जाते तिकडे

तोआ पायोह भागातल्या मैदानावर टीमसाठी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅक प्रमोदचे तीन पास दीक्षानं मध्येच अलगद पकडले. 'फार उलट बोलते' म्हणून त्यानंच गेल्या वर्षी तिला ऑफिसच्या अमेरिकन फुटबॉल टीममधून काढलं होतं. आज ती समोरच्या टीमकडून खेळत होती.

हरल्यावर त्यानं ओढूनताणून हसत हात पुढे केला. "नशीब जोरावर होतं आज तुझं."

"नशीब कसलं? पास जिकडे देणार, तिकडे तू आधीच बघतोस. गेल्या वर्षी तेच तर सांगत होते."

प्रमोद गर्रकन आपल्या खेळाडूंकडे वळला. "तुमच्यापैकी एकालाही हे दिसलं नाही?"

सगळे बुटांच्या नाड्या सोडू लागले. शेवटी अनिमेष म्हणाला, "दिसत होतं रे. पण आम्हाला टीममध्ये राहायचं होतं."

आता कुठे बघावं, तेच प्रमोदला कळेना.