फळीवरचे दात

"तोंड उघड बघू, राणी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"उघडते हो," तिच्याऐवजी आईच म्हणाली. मुलीचे ओठ मिटलेलेच राहिले.

ही तिसरी खेप. तारा लावायच्या तर आधी दातांचं माप हवं, आणि मापाला उघडं तोंड हवं. पुढचे दात इतके बाहेर आलेले, की पोरगी हल्ली हसताना तोंडावर हात धरायची. तो हात आईला बघवत नव्हता. आजही जमलं नाही तर वर्षभर थांबू, असं डॉक्टरबाईंनी सांगून टाकलं होतं.

त्यांनी मुलीला विचारलं, भीती वाटते का? आईने सांगितलं, छे, नाटकं नुसती. शाळेत चिडवतात का? आईने सांगितलं, चिडवणारच ना. मग आईनेच फळीकडे बोट दाखवलं. तिथे प्लास्टरच्या दातांची रांगच होती.

"बघ, एवढ्या पोरांनी दिलंच ना माप? घरी तोंडाला उसंत नसते, आणि इथे कुलूप."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. "आधी तुम्हीच बसा. बघून तिची भीती मोडेल."

आई बसली. आपल्याला कशी भीती वाटत नाही हे सांगायला तिने तोंड उघडलं, आणि मापाच्या गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे आत गेला.

"घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही हं."

खोलीत पंखा ऐकू येऊ लागला. मग एक बारीक आवाज आला.

"दात सरळ झाल्यावर शीळ वाजेल का?"

आईचे डोळे मोठे झाले. लेकीची समोरच्या इमारतीतली मैत्रीण तिच्या शिळेवरच खाली यायची. दातांच्या फटीतून निघणारी ती शीळ आई येता-जाता बंद करायला लावायची.

"ऊंऊं," आई म्हणाली. कुणी मनावर घेतलं नाही.

"वाजेल की. आधी थोडे दिवस नुसती हवा जाईल, मग जीभ नवी जागा शोधते." आणि डॉक्टरबाईंनी आपल्या सरळ दातांमधून अशी शीळ घातली, की बाहेरचे पेशंट दारातून डोकावले.

मुलगी खदखदून हसली. हात मांडीवरच राहिला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लगद्यामुळे, असं ती घरी सांगणार होती.

ट्रे निघतो न निघतो तोच मुलगी खुर्चीत चढली. पडजीभ दिसेल एवढा मोठा आ केला.

मदतनीस ताईंनी आईचं माप उचललं. "मॅडम, हे टाकून देऊ?"

"छे. प्लास्टर ओता आणि ठेवा फळीवर, बाकीच्या आयांशेजारी."