सोमारीची माती

"अंगठा देनार नाई म्हनजे नाई. मान कापली तरी नाई," देवाजीने आपल्या कन्येस तिसऱ्यांदा बजावले.

चंचल आईच्या उशाशी बसून पदराने माशा वारीत होती. सोमारीने पहाटे प्राण सोडला होता, आणि आता सूर्य मोहाच्या शेंड्यावर आला होता.

कोसमटोल्याचा नियम सर्वांस ठाऊक होता. ज्याच्या हातची नव्या धानाची मूठ दरवर्षी गावदेवापुढे पडत नाही, त्याला मेल्यावर गावची माती नाही. देवाजीने प्रभू येशूचा स्वीकार केल्याला बावीस वर्षे लोटली होती. मागल्या उन्हाळ्यात शेजारच्या लालसूचा बाप वारला. तोही विश्वासी. गावाने प्रेत दोन दिवस अडवून धरले. शेवटी 'येशूचा मार्ग सोडला' अशा कागदावर लालसूने अंगठा उठवला, तेव्हाच खड्डा मिळाला.

देवाजी लालसूसारखा लेचापेचा नव्हता. गडचिरोलीहून येणारे पाळक आद्य ख्रिस्ती लोकांची हकिकत सांगत, ती त्याने हृदयात कोरून ठेवली होती. रोमच्या बादशहाने फर्मावले, मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाका आणि सुखाने घरी जा. त्या लोकांनी धूप टाकला नाही. ते सिंहाच्या तोंडी गेले. "चिमूटभरच तर होता!" असे पाळक म्हणत, आणि देवाजीचे डोळे भरून येत.

त्याने स्वतः तरी काय कमी सोसले होते? गावाने बोअरिंगचे पाणी तोडले, रोवणीला मजूर मिळेना, छपरावर गोटे पडले. तो डगमगला नाही. घरातही त्याने ढिलाई चालू दिली नाही. सोमारीने माहेरून आणलेला देव त्याने स्वहस्ते उचलून नदीत सोडला. तिला मार्गावर आणावयास प्रारंभी कडकपणा करावा लागला. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, आणि रविवारी त्याच्यामागून चालत प्रार्थनेस आली. त्यानंतर तिचा एकही रविवार चुकला नाही. अशी खंबीर विश्वासी बाई पंचक्रोशीत नव्हती.

अशा बाईच्या मातीसाठी प्रभूला नाकारायचे? छे! तालुक्याच्या गावी ख्रिस्ती लोकांची दफनभूमी होती. देवाजीने ट्रॅक्टर सांगून ठेवला होता.

"बा, मुखरूकाका येऊन राह्यला," चंचल म्हणाली.

मुखरू हा गावदेवाचा पुजारी. त्याच्यामागे पंधरा-वीस माणसे होती आणि त्यांच्या खांद्यांवर हिरवे बांबू होते. देवाजी दाराच्या चौकटीत दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"मारा!" तो गरजला. "पह्यले मले मारा!"

"काऊन बोंबलून राह्यला गा?" मुखरू म्हणाला. "सरक. ऊन चढून राह्यलं."

"सरकनार नाई. मी माह्या प्रभूले सोडनार नाई!"

"नोको सोडू. तुले इचारलं कोनं?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. मुखरूने वळून डोळे वटारले, तसा तो गप्प झाला.

"कागद काढ," देवाजी म्हणाला. "फाडून दाखवतो."

"कागद नाई आनला."

"मंग बांबू कायले आनले?"

"तिरडी का पळसाच्या पानाची बांधू?"

देवाजी क्षणभर गोंधळला. मग त्याच्या ध्यानी आले की हा कावा आहे. गावाला प्रेत हवे होते. जिवंतपणी बाई वाकली नाही, म्हणून मेल्यावर तिला आपल्या रीतीने पुरून जिंकल्याची दवंडी पिटायची होती.

"मेलेल्या बाईले बाटवता का रे?" त्याने चौकट घट्ट धरली. "माही बायको येशूची हाय. ट्रॅक्टर येऊन राह्यला. हात लावू देनार नाई."

मुखरूने खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. त्याचा आवाज खाली आला.

"देवाजी, नियम तुले ठाऊक हाय. ज्याची मूठ पडली, त्याले माती. तिची औंदाही पडली. बावीस सालात एक डाव चुकली नाई."

"लबाड बोलून राह्यला तू!"

"काड्या आनाले जातो म्हनून निघे. धान पदरात बांधून आने. तिले पानी, मीठ, सारंच गाव देत होतं. तुह्या कानावर जाऊ द्याचं नाई, येवढीच तिची अट होती."

देवाजीने मागे वळून पाहिले. चंचल उठून उभी राहिली होती.

"आयकलं?" तो म्हणाला. "मायवर खोटं लावून राह्यले. सांग त्याईले!"

चंचलने बापाकडे पाहिले नाही.

"काका, खड्डा झाला?" तिने विचारले.

"झाला, पोरी."

ती पुढे आली. चौकटीवरची बापाची बोटे तिने एकेक करून सोडवली.

"बा, सरक. जित्तेपनी मायले तुह्यंच भेव होतं. आता नाई."