बेसची पट्टी

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा रामेश्वर घरी गिटार घेऊन सरावाला बसला, की मांडणीवरची भांडी थरथरायची. पण त्याची सात महिन्यांची संस्कृती पाळण्यात ढाराढूर झोपलेली असायची. "लई गुणाचं लेकरू हाय," असं त्याची आई रतनबाई येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगायची, आणि प्रत्येक वेळी त्याची बायको मोहिनी पोरीला डॉक्टरला दाखवायचा विषय काढायची.

आज सकाळी रामेश्वरनं गिटार आणि अॅम्पच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या, मध्ये आवाजाचा जाड-बारीकपणा कमी-जास्त करणारं नवं इक्वलायझर पेडल जोडलं. आधी त्यानं बारीक, टोकदार आवाजाच्या पट्ट्या वर सरकवून वाजवून पाहिलं. अॅम्पसमोर फरशीवर पालथी पडलेल्या संस्कृतीनं मानसुद्धा वळवली नाही. मग त्यानं बेसची, खर्जातल्या घुमणाऱ्या आवाजाची, पट्टी पार वर नेली आणि सगळ्यात जाड तार छेडली. संस्कृती दचकली, अन् बोळकं पसरून खुदकन हसली.

"बघ, बघ! पोरीला बेस आवडतो, बापासारखा!"

"मंग! चांगलं ऐकतंय की लेकरू," रतनबाई म्हणाली. "कावून उगं अंबाजोगाईला डॉक्टरकडं न्यायचं म्हणतीस गं?"

मोहिनीचाही जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. तरी राहवेना म्हणून तिनं संस्कृतीला फरशीवरून उचलून कडेवर घेतलं.

"अहो, तीच तार परत एकदा वाजवा ना."

रामेश्वरनं वाजवली.



मोहिनीच्या अनवाणी तळपायांना फरशीची थरथर जाणवली. कडेवरची संस्कृती मात्र तिच्या मंगळसूत्राशी खेळत राहिली.