बरं झालंय

अम्मीच्या आजारपणात रुबीनाच्या हातून सुई सुटली, ती अम्मी गेल्यावरही परत हातात आली नाही. कापडाच्या तुकड्यांची चित्रं शिवणं कित्येक वर्षं बंदच होतं. मग कळलं, तस्नीमने शिवलेलं मिरकरवाडा बंदराचं चित्र गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात लागलंय. मैत्रिणीचं चित्र बघायला रुबीना गेली, ती खोट काढायलाच. जवळ जाऊन तिने टाका न् टाका तपासला. खोट सापडली नाही.

घरी येऊन ती नवऱ्यावर करवादली, "तिला शिकवलं मी, आणि नाव झालं तिचं!"

"मग तू शिव ना तिच्याहून चांगलं," नझीर म्हणाला. "माझ्यावर कशाला चिडतेस?"

दुसऱ्याच दिवशी तिने जुन्या ओढण्या आणि नझीरच्या लुंग्या पुढ्यात ओढल्या. पहिले काही दिवस प्रत्येक टाक्याला तस्नीम आठवायची. पुढे पुढे तीही आठवेनाशी झाली. पावसाळा सरता सरता चित्र पुरं झालं: ओहोटीच्या खाडीत तिसऱ्यांचे शिंपले वेचणाऱ्या बायका. रुबीनाने ते थेट तस्नीमच्या घरी नेऊन पलंगावर पसरलं.

तस्नीम कितीतरी वेळ बघत राहिली. मग "बरं झालंय," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.



कुणालाही चहाशिवाय न सोडणारी तस्नीम आज तिला नुसतं 'बस' म्हणायलाही विसरली होती. इतकी मोठी दाद रुबीनाला आजवर कुणीच दिली नव्हती.