सुनेच्या हातची वेणी

"हात हळूहळू वर, पाण्यातून उचलल्यासारखे," ताई-ची हा संथ चिनी व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. गच्चीवरच्या साऱ्या आज्यांचे हात वर गेले. गोदाकाकूंचा उजवा मात्र खांद्याशीच अडला.

खांदा खरं तर दिवाळीतच मोकळा झाला होता. पण सून रोज तेल लावून वेणी घालायची, ते सुख काकूंना सोडवेना. बिचारीनं काळजीपोटी त्यांना या वर्गाला घातलं.

तेवढ्यात काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर कावळा उतरला. "अरे मेल्या!" म्हणत त्यांनी दोन्ही हात थेट डोक्यावर उगारले.

जिन्याच्या दाराशी सून चहा घेऊन उभी होती.

काकूंनी उजवा हात सावकाश, अगदी पाण्यातून आणावा तसा खाली घेतला.

"वा! असंच जमलं पाहिजे!" बाई म्हणाल्या.

"आई," सून म्हणाली, "उद्यापासून माझी वेणी तुम्ही घाला."