मागणीचं जेवण

बेडूक अख्खा होता. पोटात डुकराचा खिमा ठासलेला, लालसर तळलेला, आणि एर्नानीच्या ताटात मांड्या पसरून ऐसपैस पडलेला.

"घ्या दादा, लाजू नका," सेवेरो मनलास्तास म्हणाला. "जत्रेच्या दिवशी आमच्या पाम्पांगात कुणी उपाशी परत जात नाही."

एर्नानीच्या बायकोने, पुरिताने, टेबलाखालून त्याचा पाय दाबला. मुलाने जहाजावरून दहादा फोन करून बजावलं होतं, "पपा, लिरियोच्या बाबांची एकच परीक्षा असते. वाढलेलं सगळं जो निमूट खातो, त्याच्याच घरी मुलगी. मागणी घालायला जाताय, तर देवासाठी तोंड वाकडं करू नका."

एर्नानी जन्माचा मनिलाकर. भात आणि उकडलेली कोंबडी यापलीकडे त्याची जीभ कधी गेली नव्हती. त्याने डोळे मिटून बेडकाची मांडी मोडली.

मग मासा घालून आंबवलेला भात आला. त्याच्या वासाने टेबलाखालचं कुत्रंसुद्धा उठून अंगणात गेलं. एर्नानीने दोनदा घेतला. मग लसूण-व्हिनेगरात परतलेले शेतातले रातकिडे आले, चांगले वाडगाभर.

"नीट चावा हं," सेवेरो म्हणाला. "नुसतं गिळलंत तर पाय घशात अडकतात."

एर्नानीने चावले.

"कसे लागले?"

"खुसखुशीत. आणखी आहेत?"

पुरिता त्याच्याकडे बघतच राहिली. सेवेरो मात्र खूश झाला. त्याने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नुसता वाढत राहिला.

"मुलगी कुठे दिसत नाही," पुरिता कुजबुजली.

"आत असेल. लाजत असेल. तू खा."

तिसरा बेडूक संपला तेव्हा एर्नानीने पट्टा दोन भोकं सैल केला होता. कपाळावर घाम होता. म्हशीच्या दुधाच्या वड्या त्याने पाण्याबरोबर ढकलल्या, ताट लख्ख केलं आणि घसा खाकरला.

"आता मुद्द्याचं बोलू का? आमच्या मुलासाठी तुमची लिरियो..."

"लिरियो? ती माझ्या धाकट्या भावाची. समोरचं घर."

"पण रस्त्यावर आम्ही मनलास्तासांचं घर विचारलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, या, जेवायला बसा."

"मग? मी मनलास्तासच आहे. आणि जत्रेला दारावरून जाणाऱ्याला जेवू घालायचं नाही, तर काय करायचं? आम्ही भाऊ अकरा वर्षं बोलत नाही, ते सोडा. तुम्ही येणार हे अख्ख्या गावाला माहीत होतं."

एर्नानीने सैल केलेला पट्टा चाचपला. सेवेरोने प्रेमाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"उठा दादा, उशीर करू नका. चाळीस बेडूक तळून बसलाय भाऊ बिचारा. तुमच्यासाठी सकाळपासून उपाशी आहे."