पाडकामाआधीची हाक

सकाळी आठ वाजता मुकादमाने पाडकाम थांबवलं.

मशीन लावण्याआधी इमारतीला हाक द्यायची, ही त्याची शिस्त. "कोणी आहे का?"

आज वरून उत्तर आलं, "थांबा, येतो."

वरचा मजला तर कालच पाडला होता.

"बाबांचा आवाज!" फाटकाशी उभी असलेली मुलगी ओरडली. खोली सोडणार नाही म्हणून अडून बसलेला तिचा बाप महिन्यापासून बेपत्ता होता. पोलिसांनी कानावर हात ठेवले होते.

"म्हातारा कंटाळून गेला असेल कुठेतरी, ताई. आमचं डोकं का खाता?" बिल्डर हसला. "मुकादम, लाव मशीन."

वर चपला वाजल्या. जिना उरला नव्हता, तरी त्या पायरी पायरी उतरत खाली आल्या आणि बिल्डरच्या पाठीमागे येऊन थांबल्या.